बघ्या आणि पाहुणा : कच्छच्या दोन भूकंपांच्या निमित्ताने

आपत्ती ओढवलेल्या प्रदेशात परक्याने केव्हा आणि कशासाठी जावे, हा प्रश्न सामान्यतः आजच्या पर्यटनयुगाचा मानला जातो. कच्छचा इतिहास पाहता तो निदान दोनशे वर्षांचा जुना आहे, असे आम्हांस वाटते.

१६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये प्रचंड भूकंप झाला. रणातील सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला आणि त्याच्या उत्तरेस कित्येक मैल लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. सिंधच्या राज्यकर्त्यांनी नदीवर घातलेले बांध लोकांच्या परिचयाचे होते. हा बांध मानवाने घातलेला नव्हता, म्हणून त्याचे नाव पडले 'अल्लाबंद'. १८२८ साली अलेक्झांडर बर्न्स हा कंपनी सरकारचा अधिकारी होडीतून सिंद्रीच्या अवशेषांपर्यंत गेला. त्याने दिलेल्या माहितीचा उपयोग चार्ल्स लायेल यांनी 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी' या ग्रंथात केला आणि बुडालेल्या किल्ल्याचे चित्रही छापले. भूपृष्ठ माणसाच्या डोळ्यांदेखत वर-खाली होते, याचा ठोस पुरावा भूशास्त्रास लाभला. लखपतला मात्र या भेटीने काही लाभले नाही. सिंधूच्या ज्या फाट्यावर त्या बंदराचा व्यापार पोसला होता तो आटला आणि भव्य तटबंदीच्या आतली वस्ती विरळ होत गेली.

बर्न्सला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याचे कुतूहल अस्सल होते आणि त्यातून ज्ञान निपजले. तथापि मराठीत 'बघ्या' आणि 'पाहुणा' असे दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यातील अंतर येथे ध्यानी घ्यावे. बघ्या पाहून निघून जातो. पाहुणा यजमानाच्या घरचे खातो आणि म्हणून त्याचे काही देणे लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बघ्यांच्या गर्दीने मदतकार्याची वाट कशी अडवली, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. ढिगारे उपसले जात असताना परक्याचे तेथे काम नसते. त्याचे काम पुढे, वृत्तपत्रांनी पाठ फिरवल्यावर सुरू होते.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छ पुन्हा हादरला. भूज, अंजार, भचाऊ उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या गणनांत सुमारे १३,८०० पासून २०,००० पर्यंत दिला जातो. या हानीत एक कमी बोलली गेलेली हानी पाण्याची होती. धमडका गावात खत्री कारागीर पिढ्यानपिढ्या अजरखचे छापकाम करीत आले होते. हिरडा, तुरटी, नीळ, मंजिष्ठ यांच्या साह्याने होणाऱ्या या कामात कापड पुनःपुन्हा धुवावे लागते. भूकंपानंतर तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक कुटुंबांनी भूजजवळ अजरखपूर हे नवे गाव वसवले. काही मात्र धमडक्यातच राहिली. कारागिरीच्या नावावरून वसलेल्या अशा गावाला देणगीपेक्षा गिऱ्हाइकाची गरज अधिक होती. देणगी एकदा येते आणि थांबते. कपड्याची पारख असलेला ग्राहक पुन्हा येतो.

याच काळात पर्यटनही वाढले. २००५ पासून रणोत्सव सुरू झाला आणि पांढऱ्या रणाकाठचे धोरडो हे गाव जगाच्या नकाशावर आले. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने त्याला उत्कृष्ट पर्यटनग्रामांच्या यादीत स्थान दिले. त्यातून कच्छला रोजगार मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तंबूत उतरून, चांदण्यात मीठ पाहून, यंत्रावर छापलेली नकली अजरख ओढणी स्वस्तात घेऊन परतणारा प्रवासी कच्छला जाऊनही बघ्याच राहतो. नकली ओढणीचा प्रत्येक रुपया छापणाऱ्या हाताच्या विरोधात जातो. हिवाळ्यात महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने तेथे जाणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा.

मग पाहुण्याने करावे तरी काय? ठशांच्या कारखान्यात तासभर थांबावे, एक कापड किती दिवसांत तयार होते ते विचारावे, आणि मग किमतीत घासाघीस करण्याचे मन होते का ते पाहावे. पाणी जपून वापरावे, कारण तेच पाणी रंगालाही लागते. भूकंपाच्या आठवणी यजमानाने काढल्या तर ऐकाव्यात, उकरून काढू नयेत. त्यासाठी भूजिया डोंगरावर २०२२ साली उघडलेले स्मृतिवन आहे. तेथे मृतांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ झाडे लावलेली आहेत.

रणाकाठचे गोलाकार भुंगे २००१ च्या धक्क्यात पुष्कळ अंशी तगून राहिले, तर जवळची नवी सिमेंटची घरे कोसळली. त्या प्रदेशाला आपल्या भूमीचा स्वभाव परक्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. सावरण्याची रीतही त्याच्याजवळच आहे. आपण तिचा मोबदला प्रामाणिकपणे चुकवावा, एवढेच आमचे म्हणणे.