वारसा : शब्द आणि अर्थ

श्रींच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा आली. पत्रातील 'हा वारसा पुढील पिढीच्या हाती सोपवावयाचा आहे' या वाक्यापाशी मी थांबलो. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला शब्द तपासून घेण्याची खोडच असते. नल्लकुंट्यातील घरी बसून मी तेच केले. त्याचे फलित महाजन बंधुभगिनींस सादर करीत आहे.

'वारसा' हा शब्द मूळचा आपला नव्हे. अरबी 'वारिस' फारसीच्या द्वारे मराठीत येऊन 'वारस' झाला व त्यापासून 'वारसा' बनला. 'विरासत' आणि 'मिरास' हीही त्याच धातूची अपत्ये. देशावर पिढीजात जमिनीचा धनी तो मिरासदार, तर बाहेरून येऊन कसणारा उपरी. येथे हैदराबादेत, निजामाच्या अमदानीत, जहागीरदार वा इनामदार निवर्तला म्हणजे त्याच्या हक्काची जी चौकशी चाले, तिला 'विरासत' म्हणत. १९४९ साली जहागिरी संपल्या, शब्द राहिला.

संस्कृतात यासाठी दोन शब्द आहेत. 'रिक्थ' हा 'रिच्' धातूपासून आला. जाणारा मागे सोडून जातो ते रिक्थ. 'दाय' हा 'दा' धातूपासून. दिले जाते ते दाय. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे लिहिली. हे कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यातच होते. धन्याशी असलेल्या केवळ नात्यामुळे जे धन दुसऱ्याचे होते तो दाय, अशी विज्ञानेश्वराची व्याख्या आहे. मात्र जन्मसिद्ध हक्क त्याने पुत्रपौत्रांपुरताच मानला.

आपल्या गोमंतकात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. त्यात पुत्र व कन्या यांचा वाटा समान. मृत्युपत्र करूनही अपत्यांचा निम्मा हक्क हिरावता येत नाही. आंध्र प्रदेशाने ५ सप्टेंबर १९८५ पासून कन्येला जन्मतः सहदायाद मानले. तत्पूर्वी विवाह झालेल्या कन्या मात्र वगळल्या. महाराष्ट्राने १९९४ साली तोच मार्ग धरला आणि २००५ साली तो देशाचा कायदा झाला.

देवस्थानांचा व्यवहार मात्र निराळा. १९३३ च्या नियमावलीखाली चालणाऱ्या आपल्या बहुतेक देवस्थानांत महाजनांच्या पटावर नावे पुरुषपरंपरेनेच चढत आली आहेत. माझे एकच अपत्य, आणि ती कन्या. जत्रेची तिथी कळताच ती कचेरीत रजेचा अर्ज देते. पालखीचा मार्ग व मानाचा क्रम तिला मुखोद्गत आहे. माझे घर कायद्याने तिचे होईल. पटावरील आमच्या घराण्याचे नाव मात्र माझ्यापाशीच थांबेल.

हे गाऱ्हाणे नव्हे. पूर्वजांनी घालून दिलेली रीत मोडा, असेही मी म्हणत नाही. परंतु नाते हेच दायाचे कारण असेल, तर कन्येचे नाते कोठे उणे पडते, याचा विचार महाजन सभेने एकदा अवश्य करावा. नाही तर जे दाय म्हणून आपल्या हातांनी द्यावयाचे, ते केवळ रिक्थ म्हणून मागे पडून राहील. श्री सर्वांना सुबुद्धी देवोत, ही त्यांच्या चरणी प्रार्थना.