फडावरचा ताप : स्थलांतरितांच्या आरोग्य-सर्वेक्षणाची प्रस्तावना

दसरा-दिवाळी उरकली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतले ऊसतोड मजूर टोळ्या करून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांत. या दिवसांत एखाद्या लहानग्याला ताप आला, अंगावर पुरळ उठले, तर त्याची नोंद कोणी घ्यायची? गावच्या आशाताईंच्या वहीत ते मूल आहे, पण घराला कुलूप आहे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत कोप्या पडल्या, तिथल्या घरांच्या यादीत कोपी नाही. लसीचे कार्ड गावी पेटीत राहिलेले. आई पहाटे अंधारातच फडात गेलेली, आणि कोपीवर सांगायला आहे ती त्या मुलाची आठ-नऊ वर्षांची बहीण. स्थलांतरितांच्या आरोग्य-सर्वेक्षणाचे सगळे प्रश्न या कोपीपाशी एकत्र येतात.

गोवराचेच पाहू. लागण झाल्यावर साधारण दहा दिवसांनी ताप येतो, पुरळ त्यानंतर दोन-चार दिवसांनी. पण पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच ते मूल दुसऱ्यांना आजार देऊ लागलेले असते. तेवढ्यात टोळीने मुक्काम हलवला, तर लागण एका तालुक्यातली, ताप दुसऱ्यातला आणि पुढचे रुग्ण तिसऱ्यातले. प्रत्येक ठिकाणच्या अहवालात एखादाच आकडा दिसतो आणि कोणालाच साथ दिसत नाही.

म्हणून साथ लवकर ओळखायची तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहून चालत नाही. ताप आणि पुरळ, ताप आणि कावीळ, पातळ जुलाब अशा लक्षणांच्या गटांची दर आठवड्याला मोजणी करायची आणि नेहमीपेक्षा आकडा चढला की चौकशीला निघायचे, ही लक्षणाधारित सर्वेक्षणाची रीत. आपल्याकडे 2004 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात तिला स्थान आहे. अडचण आहे ती ‘नेहमीपेक्षा’ ठरवण्यात. गळीत हंगामात केंद्राच्या हद्दीतली लोकसंख्या एकदम वाढते. ती वाढ हिशेबात घेतली नाही, तर तापाचे वीस रुग्ण साथ वाटू शकतात. आणि कोप्यांवरचे रुग्ण केंद्रापर्यंत पोचलेच नाहीत, तर खरी साथही शांतता वाटते. छेद ठाऊक नसताना अंशावरून निष्कर्ष काढू नये, हा या शास्त्राचा पहिला धडा. आणि टोळीत काम करणारी किती माणसे आहेत, हे सर्वांत नीट ठाऊक असते टोळी आणणाऱ्या मुकादमाला, कारण त्याने आगाऊ दिलेली उचल कोयत्यागणिक, म्हणजे बहुधा जोडप्यागणिक, लिहिलेली असते. अभ्यासकाने त्या वहीची किंमत ओळखावी. तिच्यामागचे कर्जाचे ओझेही नजरेआड करू नये.

हे काम जमते, याचा भरभक्कम पुरावा पोलिओ निर्मूलनाने दिला. पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, की कारण काहीही असो, त्याची खबर द्यायची आणि चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यायचे, असा दंडक घातला गेला. मुंबईत 2001 पासून सांडपाणीही तपासले जाऊ लागले. त्यात सापडलेल्या विषाणूंची जनुकीय जुळणी उत्तर भारतातल्या विषाणूंशी लागली, तेव्हा विषाणू माणसांच्या वाटेनेच प्रवास करतो हे प्रयोगशाळेत दिसले. पुढे वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांची पाले, स्थलांतरितांच्या वस्त्या यांच्या वेगळ्या याद्या झाल्या, आणि स्थानकांवर, गाड्यांमध्येही डोस पाजले गेले. देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला. ज्या माणसांना एरवी कुठल्याच यादीत जागा नव्हती, त्यांच्यासाठी यादी तयार झाली, हे मला त्या मोहिमेचे सर्वांत मोठे यश वाटते.

याच मुंबईने दुसरे टोकही पाहिले आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. लोक शहर सोडून निघाले. 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारला रेल्वेच्या प्रवाशांना तपासण्याचे आणि वेगळे ठेवण्याचे अधिकार मिळाले. पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले. लोकांनी आजारी माणसे लपवली, मृत्यू लपवले. रँडच्या खुनाची हकिगत आपण इतिहासात शिकतो. सर्वेक्षणाच्या अभ्यासकाने तीच हकिगत माहिती आटण्याची गोष्ट म्हणूनही वाचावी. धाक बसला की आधी खबर बंद होते, आणि रोग मोकळा फिरत राहतो.

या बाबतीत माझे मत ठाम आहे. विचारपूस करणाऱ्याच्या पिशवीत तापाचे औषध, जीवनरक्षक क्षारसंजीवनी आणि लस नसेल, तर दुसऱ्या फेरीला कोपीवरून खरे उत्तर मिळणार नाही. मुकादमाला कळले तर खाडा धरला जाईल, ही भीती बाईच्या मनात असते आणि ती रास्त असते. आजाराची माहिती कामाच्या हिशेबापासून वेगळी राहील याची हमी आधी हवी. स्थलांतरित माणूस रोग घेऊन येतो, हा समजही तपासून पाहावा लागतो. 2011 मध्ये उत्तर आफ्रिकेतून इटलीत मोठ्या संख्येने माणसे उतरली, तेव्हा त्यांच्या निवारा केंद्रांत तेरा लक्षणसमूहांवर रोज लक्ष ठेवले गेले. भीती घातली जात होती तशी कोणतीही मोठी साथ तिथे निघाली नाही. दाटीवाटी, गढूळ पाणी आणि हुकलेली लस यांमुळे आजार बहुतेकदा मुक्कामावरच गाठतो.

संख्याशास्त्राकडून येणाऱ्याने आधी एखादा हंगाम आशाताईंबरोबर कोप्यांवर फिरावे. वैद्यकाकडून येणाऱ्याने छेदाचे गणित शिकून घ्यावे. दोघांसमोर एक प्रश्न मात्र सारखाच आहे. कर्नाटकातल्या फडावर घेतलेल्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत टोळी बीडला परतलेली असते. तो निकाल कोणी, कोणाला आणि किती तासांत कळवायचा, आणि त्या मुलाच्या दारात कोण जाणार, याची पक्की व्यवस्था बसवण्याचे काम नव्या अभ्यासकांची वाट पाहत आहे.