घाटरस्त्याने घडवलेली आंबोली

सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे 690 मीटर उंचीवर वसलेली आंबोली आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडत असली, तरी 1948 मध्ये सावंतवाडी संस्थान विलीन झाल्यानंतर 1 मे 1981 रोजी नवा जिल्हा निर्माण होईपर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होती. एकेकाळी तिच्या आसपास तीन राजवटींच्या हद्दी होत्या: पायथ्याशी सावंतांचे संस्थान, दक्षिणेला पोर्तुगीज गोवा आणि पूर्वेला ब्रिटिश बेळगाव जिल्हा, ज्यात आजचा चंदगड तालुका 1956 पर्यंत होता. 1838 मध्ये इंग्रजांनी संस्थानचा कारभार आपल्या हाती घेतला. पुढे 1844-45 च्या उठावातील बंडखोरांनी गोव्याच्या हद्दीत आसरा घेतला, त्यावरून ही सीमा किती सच्छिद्र होती हे दिसते.

या ठिकाणाचे महत्त्व घाटात, म्हणजे कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटेत होते. डचांची वखार 17व्या शतकात जिथे होती, ते वेंगुर्ले बंदर 1812 मध्ये इंग्रजांकडे आले आणि बेळगावच्या छावणीला समुद्राशी जोडणारा मार्ग त्यांना हवा होता. जुना रामघाट अतिशय उभा असल्याने बैलगाड्यांना सोसेल असा पारपोली घाटाचा रस्ता पुढे तयार झाला, वर मीठ व नारळ चढू लागले, आणि पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानात नेमलेला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, असलेल्या कर्नल वेस्ट्रॉप यांनी माथ्यावरील गावाला थंड हवेच्या ठिकाणाचे रूप दिले. मात्र 1880 च्या दशकात मुरगावहून घाटमाथ्याकडे लोहमार्ग गेल्यावर वेंगुर्ल्याची घाटमाथ्याशी चालणारी उलाढाल ओसरली. व्यापार गेला, रस्ता उरला, आणि त्याच रस्त्याने पुढे पर्यटक आले.

वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या परिसरात धबधबे असणे स्वाभाविकच आहे; परंतु मुख्य धबधबा प्रसिद्ध झाला तो गाडी थांबवताच पाणी अंगावर येईल इतका रस्त्यालगत असल्यामुळे, आणि जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिथे भजी व कणसांच्या टपऱ्यांची जी गर्दी उसळते तिचे कारणही तेच आहे. गावाजवळच गुहेतून उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र उलट्या दिशेला, पूर्वेकडे वाहते आणि घटप्रभेत मिळून गोकाकच्या प्रसिद्ध धबधब्यावरून कोसळते, म्हणजे आंबोलीचे काही पाणी पश्चिमेच्या समुद्राला, तर काही कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराला जाते. उगमाच्या कुंडात सापडलेल्या माशाला 2020 मध्ये 'शिस्तुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळाले आणि 2021 मध्ये तेथील 2.11 हेक्टर क्षेत्र राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. धबधब्यापाशी थांबून परतणाऱ्या बहुतेकांची पावले मात्र तिथवर वळत नाहीत.