शिक्का, मोर्तब आणि माझा मेल

दिवाळीला घरी आलोय, सडक अर्जुनीला. हायवेवरून ट्रकांची घरघर चालूच आहे, आणि मी अंगणात बसून स्वतःचाच एक जुना मेल वाचतोय.

झालं असं, की गेल्या महिन्यात रिलीजच्या आदल्या रात्री मला डेटाबेसच्या स्क्रिप्टमध्ये गडबड दिसली. टीमला मेल टाकला. आधी दोन परिच्छेद पार्श्वभूमी, मग 'असं वाटतं', 'बघता आलं तर बरं'... आणि 'रिलीज थांबवा' हे पार शेवटच्या ओळीत. तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही. डेटा बिघडला आणि बोलणी खाल्ली शिफ्टवरच्या नवीन पोरानं. त्याचं प्रोबेशन वाढलं. मी मात्र "मेल केला होता ना!" म्हणून सुटलो.

बाबांना सांगितलं. ते जन्मभर कचेरीत कारकून. म्हणाले, "कागद लिवला म्हंजे काम झालं असं नसते बाबू. वाचनाऱ्याले काय कराचं हाये, थे समजलं पायजे."

मला एकदम शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र आठवलं. १६७४ च्या सुमाराचं. शाळेत आपण त्यातला फक्त एखादा दाखला शिकतो. पूर्ण वाचलं तर तो ऑफिसचा कागद आहे हो! कुणासाठी, ते सुरुवातीलाच: जुमलेदार, हवालदार, कारकून. मग मुद्दा. दाणा-गवत आत्ताच वारेमाप संपवाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांना त्रास द्याल आणि त्यांना मोगल परवडले असं वाटेल. पैसे दिले आहेत, लागेल ते बाजारातून विकत घ्या. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, हेसुद्धा लिहिलंय!

पत्र काही छोटं नाही. पण काय करायचं, का करायचं आणि नाही केलं तर जबाबदार कोण, यात कुठेही 'असं वाटतं' नाही.

आणखी एक गंमत. त्या काळच्या राजपत्रांवर वरती शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे पत्र इथे संपलं, यापुढे कुणी काही घुसडायचं नाही. आपला 'शिक्कामोर्तब' तिथूनच आला. वर लिहिणारा कोण ते कळतं, खाली त्याचं म्हणणं कुठवर ते कळतं. माझ्या मेलमध्ये सही होती, जबाबदारी नव्हती.

असो. आत्ताच मॅनेजरला तीन ओळी लिहिल्या. धोका मला आधीच दिसला होता. माझा मेल गोलमोल होता. चूक त्या पोराची नाही, त्याच्या प्रोबेशनचा पुन्हा विचार करा.

सेंड दाबताना हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू. सोमवारी काय होईल ते होईल.

बहुत काय लिहिणे...