ऑनलाइन जुना बाजार आणि नाठाळ गिऱ्हाईक

वापरलेली वस्तू इंटरनेटवरून अनोळखी माणसाला विकण्याची प्रथा रुजली ती अमेरिकेत. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक अभियंता पिएर ओमिद्यार याने 'ऑक्शनवेब' ही लिलावाची साइट सुरू केली. पुढे तीच 'ईबे' झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती खुद्द ओमिद्यारचा बिघडलेला लेझर पॉइंटर. त्याला १४.८३ डॉलर मिळाले. घेणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून ओमिद्यारने पॉइंटर बिघडलेला असल्याचे पुन्हा कळवले, तेव्हा आपण बिघडलेलेच पॉइंटर जमवतो, असे उत्तर आले. इतके समंजस गिऱ्हाईक पुढच्या विक्रेत्यांच्या वाट्याला क्वचितच आले.

पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस कितीही चालली तरी दोघे समोरासमोर असतात. वस्तू वाजवून पाहायची, पैसे मोजायचे आणि विषय संपला. ऑक्शनवेबच्या टपालाने चालणाऱ्या व्यवहारात ती सोय नव्हती. बोली जिंकून गप्प बसणारे, चेक पाठवतो म्हणून महिना घालवणारे, वस्तू हाती पडल्यावर खुसपट काढणारे असे नाना नमुने पुढे आले. तक्रारींची पत्रे ओमिद्यारकडे येऊ लागली. हे भांडण आपण किती दिवस सोडवणार, या विचाराने त्याने फेब्रुवारी १९९६ मध्ये परस्परांना गुण देण्याची सोय सुरू केली. शेरा चांगला असेल तर अधिक एक, वाईट असेल तर उणे एक, मधला असेल तर शून्य. बेरीज उणे चारपर्यंत घसरली की खाते बंद. विक्रेत्याच्या हाती प्रथमच हत्यार आले: पैसे बुडवणाऱ्याचे नाव सगळ्या बाजारासमोर खराब करता येऊ लागले.

पण हे हत्यार दुधारी निघाले. आधी वाईट शेरा देणाऱ्याला उलट वाईट शेरा मिळे. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत, किंवा तोंडदेखले कौतुक लिहून मोकळ्या होत. घेणारे भीतीपोटी खरे लिहीत नाहीत, असे सांगून ईबेने २००८ मध्ये विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. विक्रेत्यांनी बहिष्कार पुकारला. निर्णय बदलला नाही. त्यांना नको असलेल्या बोलीदारांना अडवण्याची यादी आणि पैसे न देणाऱ्याची तक्रार करण्याची सोय, एवढ्यावर समाधान मानावे लागले.

पैशांच्या बाबतीतही पारडे हळूहळू गिऱ्हाइकाकडेच झुकले. ईबेने २००२ मध्ये ऑनलाइन पैसे देण्याची सेवा 'पेपाल' दीड अब्ज डॉलरना विकत घेतली, चेकची वाट पाहणे संपले. मात्र वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, असे म्हणून दिलेले पैसे परत मागण्याची वाटही खुली झाली. 'परत घेणार नाही' ही अट विक्रेत्याने लिहिली तरी अशा दाव्यापुढे ती टिकत नसे. म्हणून जाणते विक्रेते ओरखड्यांचे फोटो लावू लागले, यंत्राचा अनुक्रमांक टिपून ठेवू लागले आणि सगळे बोलणे साइटवरच, लेखी करू लागले. दोष आधी स्वतःच सांगून टाकणे हा नाठाळ गिऱ्हाइकावरचा सर्वांत स्वस्त उपाय ठरला.

भारतात लिलावाची ही पद्धत २००० साली मुंबईत सुरू झालेल्या 'बाझी डॉट कॉम'ने रुजवण्याचा प्रयत्न केला. २००४ मध्ये ईबेने ती कंपनी घेतली. ईबेचा भारतातील व्यवसाय २०१७ मध्ये 'फ्लिपकार्ट'कडे गेला आणि दुसऱ्याच वर्षी ती साइट बंद झाली. इथे चालले ते ओएलएक्स, क्विकर यांचे छोट्या जाहिरातींचे रूप. जाहिरात पाहायची, फोन करायचा, घरी येऊन वस्तू न्यायची. त्यामुळे त्रासही देशी राहिला: वस्तू न बघताच 'लास्ट किती?' विचारणारा, संध्याकाळी येतो म्हणून न फिरकणारा, ठरलेला भाव दारात उभा राहून पाडणारा. विक्रेत्यांनी थोडा भाव वाढवून लावणे, टोकन घेतल्याशिवाय वस्तू राखून न ठेवणे असे जुनेच उपाय वापरले.

यूपीआय २०१६ मध्ये आले आणि त्यानंतर खरा धोका घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा झाला. स्वतःला सैन्यातला जवान म्हणवणारा, सांगितलेला भाव ताबडतोब कबूल करणारा हा माणूस पैसे पाठवण्याच्या नावाखाली क्यूआर कोड धाडतो; २०२५ पर्यंत थेट पैशांची मागणीही धाडली जाई. विक्रेत्याने पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. पैसे स्वीकारायला पिन कधीच लागत नाही. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते, आणि ती जितकी लवकर होईल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक.