आभाळाचा कोप आणि माणसाचा कायदा

पाऊस आभाळ नाकारते. भूकबळी मात्र व्यवस्था घेते. घरातला पहिला पदवीधर म्हणून इतिहास शिकवायला उभा राहिलो, तेव्हापासून मी हा फरक विद्यार्थ्यांपुढे मांडत आलो आहे. कारण ‘निसर्गाचा कोप’ एवढे दोन शब्द उच्चारले, की पुढचे सारे प्रश्न गुंडाळून ठेवता येतात.

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस फसला. १८७८ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात हिंदुस्थानातील लक्षावधी माणसे मेली. त्याच काळात इथल्या धान्याची जहाजे इंग्लंडला जातच होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी ठरवली ती एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ती नाकारून कामे सोडली. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले. पुढे १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी पाणी अडवण्यासाठी ताली-बंधाऱ्यांचा उपाय सरकारपुढे ठेवला. दुष्काळामागचे राजकारण आपल्या परंपरेने तेव्हाच ओळखले होते.

आज पृथ्वी तापते आहे, आणि पुन्हा तीच भाषा ऐकू येते. कोळसा आणि तेल जाळून माणसाने हे ओढवून घेतले, असे सांगतात. कोणत्या माणसाने? अमेरिकेत दरडोई वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो, भारतात सुमारे २ टन. या २ टनांच्या सरासरीआडही एक उतरंड आहे: वातानुकूलित बंगला आणि गावकुसाबाहेरची पत्र्याची खोली एकाच आकड्यात बसवलेली आहेत.

पीक बुडाले की भरपाई सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन मिळू दिली नाही, त्यांची बुडालेली मजुरी पंचनाम्यात येत नाही. २०२२ साली शर्म अल-शेखच्या परिषदेत, तापमानवाढीने पोळलेल्या गरीब देशांसाठी निधी उभारण्याचे ठरले. तो पैसा आला तरी कोणाच्या दारापर्यंत पोचेल? १९२७ साली चवदार तळ्यात पाणी होते. आपल्याला हक्क नव्हता.

म्हणून पर्यावरण हा वृक्षारोपणाचा हौशी कार्यक्रम समजून आपण इतरांवर सोडता कामा नये. तो जमिनीचा, पाण्याचा आणि मजुरीचा प्रश्न आहे. पंचनाम्यात भूमिहीनाच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना हवा, ही मागणी चावडीपासून मंत्रालयापर्यंत आपणच नेली पाहिजे.