एका ध्वनिमुद्रिकेचे मोल

बाजारातील खप आणि रसिकांची मान्यता यांचे परस्परांशी वैर असते, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या ध्वनिमुद्रिकेचा इतिहास पाहता ती फारशी टिकत नाही.

चर्चमधील भक्तिगान आणि ब्लूज यांच्या संगमातून जन्मलेले 'सोल' संगीत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने प्रामुख्याने प्रेमगीतांच्या रूपाने घरोघरी नेले होते. गे यांनी व्हिएतनामचे युद्ध, दारिद्र्य आणि दूषित हवापाणी हे विषय हाती घेतले. हे खपणार नाही, असे कंपनीचे संस्थापक बेरी गॉर्डी यांस वाटले. परंतु जानेवारी १९७१ मध्ये सुटे निघालेले शीर्षकगीत बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. मे महिन्यात संपूर्ण ध्वनिमुद्रिका आली, आणि तिच्यातील आणखी दोन गीते पहिल्या दहांत पोहोचली. एरव्ही अज्ञात राहणाऱ्या वादकांची नावेही तिच्या वेष्टनावर छापली गेली.

'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत २००३ साली तिला सहावे, आणि २०२० साली पहिले स्थान दिले. मधल्या काळात तिच्यातील एक स्वरही पालटला नव्हता; पालटले होते ते परीक्षक. वर्गात एखादी कृती 'अभिजात' म्हणून शिकविताना आम्हां शिक्षकांस याचे भान असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.